पाचवा पाहुणा

दिवाळी आली की आमच्या घरातले माळे उघडतात. वर्षभर ज्या डब्यांकडे कुणी ढुंकून पाहिलेले नसते ते डबे खाली येतात. त्यांतले निम्मे पुसून पुन्हा वर जातात आणि उरलेले निम्मे "असू दे, लागेल कधी तरी" असे म्हणता म्हणता तेही वरच जातात. वाचकहो, तुमच्या घरी याहून काही निराळे होत असेल असे आम्हांला वाटत नाही. यंदा मात्र आमच्या साफसफाईत एक नवीच जागा सापडली. तिथे कोळिष्टके नव्हती, झुरळे नव्हती, पाहुणे होते! एक नव्हे, दोन नव्हे, चांगले पाच पाहुणे, आमच्या घरात, आमच्या खर्चाने आणि आमच्या नकळत मुक्काम ठोकून बसलेले.

त्याचे असे झाले. घटस्थापनेच्या सुमारास आमचे नेट मंदावले. नातीचा गणिताचा एक वर्ग टॅबवर भरतो. त्यातल्या बाई वाक्याच्या मध्येच हात वर करून थिजू लागल्या. मेलबर्नला असलेली आमची कन्या दर रविवारी बोलायला येते. ती "बाबा, तुमची तब्ये—" इथवर येऊन थांबे, आणि पुढचे ऐकू येईपर्यंत इकडे आमच्या सौ. उगीचच काळजीत पडत. सूनबाई आठवड्यातले दोन दिवस घरून कचेरीचे काम करतात. त्यांना तर भर बैठकीतून कुणी तरी मानगूट धरून बाहेर काढल्यासारखे होई.

घरात दुखणे आले की प्रत्येकाजवळ औषध असतेच. सौ.नी त्या दोन शिंगांच्या डबीवर ओले फडके फिरवले. आम्ही नेट पुरवणाऱ्या कंपनीच्या नावाने बोटे मोडली. नातीने डबी तीनदा बंद करून चालू केली. शेवटी एका संध्याकाळी आमचे चिरंजीव म्हणाले, "बाबा, कंपनीला शिव्या नंतर देऊ. आधी आपल्या डबीवर किती जण बसले आहेत ते तर बघू."

"किती म्हणजे? आपण पाच जण!" आम्ही ठणकावून सांगितले.

त्या डबीला राउटर म्हणतात हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. परंतु तिच्या पोटात हजेरीपट असतो हे आम्हांला ठाऊक नव्हते. डबी उलटी केली की खाली एक चिठ्ठी चिकटवलेली असते. तिच्यावर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. बहुतेक डब्यांचा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा. घरच्या नेटला जोडलेल्या फोनवर किंवा संगणकावर, जिथे आपण एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता लिहितो तिथे हा आकडा लिहायचा. मग डबीचे दार उघडते आणि ती नाव व परवलीचा शब्द विचारते. हा शब्द वायफायचा नव्हे बरे का! वायफायचा पासवर्ड ही घरात शिरण्याची किल्ली. हा दुसरा शब्द म्हणजे घराचे कुलूपच बदलण्याचा अधिकार. आमच्या डबीचा तो शब्द कारखान्यातून जसा आला तसाच होता. "म्हणजे जो आत शिरला आहे त्याला मनात आले तर तो आपल्यालाच बाहेर काढू शकला असता," असे चिरंजीवांनी थंडपणे सांगितले, तेव्हा सौ.नी चहाचा कप खाली ठेवला.

आत जोडलेल्या उपकरणांची यादी होती. सतरा नावे!

मग काय विचारता! आमच्या दिवाणखान्याचे कोर्ट झाले. यादीतली निम्मी नावे नावेच नव्हती. दोन दोन अक्षरांच्या सहा जोड्या, मध्ये टिंबे. कुळाचा पत्ता नाही की गोत्राचा नाही. आम्ही तिसऱ्या मजल्यावर संशय घेतला, सौ.नी समोरच्या इमारतीवर घेतला, आणि नातीने आमच्यावरच. "आजोबा, तुम्ही सगळ्यांना पासवर्ड सांगत सुटता!" पोरीचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, पण त्याविषयी पुढे.

चिरंजीव म्हणाले, "चोर शोधण्याआधी घरातली माणसे मोजा." त्यांनी एकेकाला आपल्या फोनचे वायफाय बंद करायला लावले. थोड्या वेळाने यादी ताजी केली की एक नाव गळे; ते ज्याचे त्याच्या नावावर मांडायचे. असे करता करता जी मोजदाद झाली ती ऐका. फोन चार. नातीचा टॅब पाचवा. दोन लॅपटॉप मिळून सात. टीव्ही आठवा, टीव्हीच्या पाठीत खोचलेली ती काडी नववी, छपाईचे यंत्र दहावे. अकरावे नाव निघाले झोपायच्या खोलीतल्या एअर कंडिशनरचे! तो बसवणाऱ्या माणसाने त्याला नेटवर केव्हा चढवला कोण जाणे. आणि बारावे नाव, ज्याच्यावर आम्ही तिसऱ्या मजल्याचा आरोप ठेवून मोकळे झालो होतो, ते निघाले सौ.च्याच जुन्या फोनचे. देव्हाऱ्याशेजारच्या खणात तो पहाटे भूपाळ्या म्हणत असतो.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण तिच्यापायी शेजाऱ्याशेजाऱ्यांत उगीच वितुष्ट यायचे. प्रत्येक यंत्राला बारा अक्षर-अंकांची एक ओळख असते, तिला मॅक पत्ता म्हणतात. तिच्या पहिल्या सहा अक्षरांवरून पूर्वी यंत्र कोणत्या कारखान्याचे ते सहज कळे. परंतु अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनच्या चौदाव्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, फोन ही खरी ओळख लपवून प्रत्येक वायफायला बनावट ओळख सांगू लागले आहेत. मालकाचा माग कुणी काढू नये म्हणून केलेली ती युक्ती आहे. अशी बनावट ओळख पाहून कळते: तिच्यातले दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असते. तेव्हा यादीत अनोळखी नाव दिसले म्हणजे तो चोरच, असे समजू नका. तो तुमच्या सूनबाईंचा फोनही असेल.

तसेच, नेट मंदावले म्हणजे कुणी तरी चोरलेच, असेही नव्हे. डबी कपाटामागे ठेवली, मध्ये दोन जाड भिंती आल्या, तर लहरी थकतात. मायक्रोवेव्ह भट्टी आणि जुन्या पद्धतीचे वायफाय ही दोन्ही साधारण २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्ट्यात काम करतात. तेव्हा इकडे पोहे गरम व्हायला ठेवले की तिकडे गणिताच्या बाई थिजण्याचा संभव असतो. हे सर्व आम्ही तपासले. डबी कपाटामागून काढून दिवाणखान्यात आणली. पोह्यांना निर्दोष सोडले. पण सतरातून बारा गेले की पाच उरतात, हा हिशेब काही बदलेना.

हे पाच कोण? आणि त्यांना किल्ली दिली कुणी?

आता नातीच्या आरोपाकडे वळतो. आमचे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. चाळीत एक रेडिओ असे. त्याच्या मालकाने पोस्टातून लायसन्स काढलेले असे आणि बुधवारी रात्री बिनाका गीतमालेला अख्खी गॅलरी त्याच्या दाराशी जमे. पन्नास जणांनी ऐकले म्हणून गाणे काही पातळ होत नसे. पुढे चाळीत एक टेलिफोन आला. तो नंबर आम्ही सर्वांनी आपल्या पत्रांवर, लग्नपत्रिकांवर 'पी. पी.' असे पुढे लिहून बिनदिक्कत छापला. फोन आला की मालकांचा मुलगा "काका, फोन!" अशी हाळी देई आणि काका बनियनवरच धावत सुटत. विरजण, साखर, वर्तमानपत्र, फोन—मागणाऱ्याला 'नाही' म्हणायची आमच्या पिढीला सवयच नाही. वायफाय हेही आम्हांला त्याच पंगतीतले वाटले.

२०२० साली टाळेबंदी लागली तेव्हा शेजारच्या वहिनींच्या मुलाची शाळा फोनवर भरू लागली आणि त्यांच्याकडे नेट नव्हते. आम्ही आपण होऊन पासवर्ड दिला. गणपतीत आरतीला आलेल्या मंडळींपैकी कुणी मागितला, तोही दिला. स्वयंपाकघरात ओटा बदलायला आलेल्या कारागिराला मापे पाठवायची होती, त्याला दिला. पुढे पुढे मागणाऱ्याला पुन:पुन्हा सांगायचा कंटाळा आला म्हणून आम्ही तो दिनदर्शिकेच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. पासवर्ड तरी काय, सौ.चे नाव आणि पुढे एक-दोन-तीन! आणि वाचकहो, हल्लीच्या फोनला एक गुण आहे: एकदा दिलेला पासवर्ड तो चौकोनी ठिपक्यांच्या चित्रात दाखवतो आणि दुसऱ्याचा फोन ते चित्र टिपून आत येतो. म्हणजे आम्ही ज्याला दिला त्याने पुढे कुणाला दिला, त्याने आणखी कुणाला, याचा पत्ता लागणे नाही.

"मग बिघडले कुठे?" सौ. म्हणाल्या. "शेजारीच असतील. पाणी मागितले तर आपण नाही म्हणतो का? थोडे नेट वापरले त्यांनी, तर एवढा पंचनामा कशाला?"

त्यावर चिरंजीवांनी जे सांगितले ते ऐकून आम्ही दोघेही गप्प झालो. ते म्हणाले, "आई, पाणी नेणारा पाणी घेऊन जातो. नेट वापरणारा आपले नाव घेऊन जातो."

वायफाय म्हणजे घरातल्या घरात बिनतारी जोडणी. बाहेरच्या जगाकडे जाणारी तार मात्र एकच असते आणि ती आपल्या नावावर असते. बाहेरून पाहणाऱ्याला आपल्या डबीवरची सतरा यंत्रे दिसत नाहीत. त्याला दिसतो एक पत्ता, आणि त्या पत्त्यावरून कंपनीच्या दप्तरात निघते बिल भरणाऱ्याचे नाव. आत बसलेल्या कुणी कुणाला धमकीचे पत्र लिहिले, कुणाच्या बँकेच्या खात्यात हात घातला, तर पोलीस आधी बिल भरणाऱ्याचे दार ठोठावणार.

ही ऐकीव भीती नव्हे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तसंस्थांना एक ई-मेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला तो थेट आपल्या नव्या मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटमध्ये येऊन थांबला. तिथे एक अमेरिकन गृहस्थ राहत होते. त्यांची चौकशी झाली, संगणक तपासायला गेले, देशभरच्या वर्तमानपत्रांत नाव झळकले. पुढे निष्पन्न झाले ते असे, की त्यांचा त्या पत्राशी काडीइतकाही संबंध नव्हता. दुसऱ्याच कुणी त्यांच्या वायफायमध्ये शिरून ते धाडले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माटुंग्याच्या एका कॉलेजचे आणि सप्टेंबरमध्ये, दिल्लीच्या स्फोटांच्या दिवशी, चेंबूरच्या एका कंपनीचे वायफाय तसेच वापरले गेले. पत्र धाडणारे निराळे आणि ज्यांच्या दारी पोलीस आले ते निराळे.

आता आम्हांला चाळीतल्या टेलिफोनचे मर्म कळले. पी. पी. फोनवर बोलणारा मालकांच्या दारात, सर्वांदेखत उभा राहून बोलत असे. तो काय बोलतो हे मालकांनाच काय, गॅलरीतल्या आठ खोल्यांना ऐकू जाई! विश्वास होता खरा, पण त्या विश्वासाला डोळे आणि कान होते. वायफायवरचा पाहुणा भिंतीपलीकडे असतो. तो दिसत नाही, ऐकू येत नाही आणि उठून जात नाही.

तेव्हा पाहुण्यांना निरोप द्यायचे ठरले. निरोपाची कृती चकलीपेक्षा सोपी आहे. गृहिणींनी आणि गृहस्थांनी ती कात्रण करून ठेवावी.

पहिल्याने, वर सांगितल्याप्रमाणे डबीचे दार उघडा आणि कुलपाचा, म्हणजे डबीच्या कारभाराचा शब्द बदला. तो विसरला असेल तर डबीच्या पाठीला सुईच्या अग्राएवढे भोक असते. ते टाचणीने दहाएक सेकंद दाबून धरले की डबी कोरी होते. मात्र तिच्यातली कंपनीची माहितीही त्यासरशी पुसली जाते. ती आधी विचारून लिहून ठेवा, नाहीतर पाहुण्यांबरोबर तुम्हीही बाहेर!

दुसऱ्याने, वायफायचा पासवर्ड बदला. सर्व पाहुणे एकदम उठतात ते या एकाच पायरीला. कुणाचे नाव घ्यावे लागत नाही, कुणाला दुखवावे लागत नाही. पासवर्ड आठ अक्षरांहून लहान घेताच येत नाही. पण आठावर समाधान मानू नका. त्रेसष्ट अक्षरांपर्यंत मुभा आहे. चोर तुमच्या दाराशी बसून एकेक शब्द घालून पाहतो असे नाही. तुमचा फोन डबीशी जी पहिली सलामी देतो ती तो टिपून नेतो आणि स्वतःच्या घरी बसून संगणकाकडून लाखो शब्द ताडून पाहतो. म्हणून बायकोचे नाव, मुलाची जन्मतारीख, गाडीचा नंबर यांना रजा द्या. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडा, जसे पाटा, आगगाडी, कारले, शनिवार. तुम्हांला विसरता येणार नाहीत आणि दुसऱ्याला सुचणार नाहीत. हे मात्र छापून गेले. तुम्ही तुमचे निराळे घ्या.

तिसऱ्याने, कुलपाची जात पाहा. यादीत डब्ल्यूईपी असे दिसले तर ते कुलूप नव्हे, सुतळी आहे. त्याचा दुबळेपणा २००१ सालीच उघड झाला आहे. २००४ सालचे डब्ल्यूपीए-२ अजून चालते. २०१८ साली आलेले डब्ल्यूपीए-३ त्याहून चांगले, कारण घरी बसून शब्द ताडण्याचा तो वरचा खेळ त्यात चालत नाही. जुने यंत्र त्याला ओळखत नसेल तर दोन्ही मिळून ठेवण्याची सोय बऱ्याच डब्यांत असते. आणि डब्ल्यूपीएस नावाचा खटका असेल तर तो बंद करा. त्यात आठ आकड्यांचा एक गुप्त क्रमांक असतो. आठ आकडे म्हणजे दहा कोटी पर्याय, असे वाटते ना? पण २०११ साली असे उघडकीस आले की डबी त्या क्रमांकाचे दोन तुकडे करून ते वेगवेगळे तपासते, आणि शेवटचा आकडा तर नुसता पडताळ्याचा. त्यामुळे फार तर अकरा हजार प्रयत्नांत काम फत्ते! संगणकाला अकरा हजार म्हणजे किती?

चौथ्याने, ज्या दोन उपायांवर लोकांची फार भिस्त असते त्यांच्यावर विसंबू नका. वायफायचे नाव लपवणे म्हणजे दारावरची पाटी काढणे. दार जागच्या जागीच राहते. आणि यादीतल्या एकेकाला 'बंदी' करणे हे घटकाभर समाधानाचे आहे. फोनने बनावट ओळख बदलली की तो नव्या टोपीत पुन्हा हजर.

पाचव्याने, डबीची अंतर्गत कार्यप्रणाली नवी आली असेल तर ती उतरवून घ्या. आणि बाहेरगावाहून डबीचा कारभार पाहण्याची सोय चालू असेल तर ती बंद करा.

हे सर्व आम्ही शुक्रवारी संध्याकाळी सहाला उरकले. मग घरातली बारा यंत्रे नव्या पासवर्डाने एकेक करून जोडत बसलो. छपाईच्या यंत्राने फार मनधरणी करून घेतली.

साडेसहाला दाराची घंटी वाजली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडक्लार्क दारात उभे. "काय हो, तुमचे नेट बंद पडले आहे का?"

आम्ही त्यांच्याकडे पाहतच राहिलो. त्यांना पासवर्ड आम्ही कधी दिला होता? तर म्हणे, गेल्या वर्षी त्यांच्या पुतण्याने ठिपक्यांचे चित्र टिपून घेतले होते. "तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून वाटले सोसायटीचेच असेल." पावणेआठला दुसरी घंटी. समोरच्या इमारतीत खोली घेऊन राहणारे दोन तरुण, मोठ्या अदबीने आले होते. क्रिकेटचा सामना ऐन रंगात आलेला असताना चित्र गेले होते. त्यांना किल्ली मिळाली होती आमच्या त्या ओट्याच्या कारागिराकडून! आम्ही चोर शोधायला निघालो होतो आणि चोर आपण होऊन तक्रार घेऊन आले होते. त्यांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर चोरीचा भाव नव्हता. आम्हीच दार उघडे टाकले होते. ते आत येऊन बसले, एवढेच. पाचांपैकी तिघे असे सापडले. आम्ही काही लपवले नाही, खरे कारण सांगितले. हेडक्लार्क थोडे घुश्शात गेले. परंतु दुसऱ्या दिवशी आपल्या स्वतःच्या डबीचे कुलूप कसे बदलायचे ते विचारायला पुन्हा आले. घरी नेट असून ते आमचे वापरत होते. कारण काय, तर आमचे 'आपोआप लागत होते'!

चौथा मात्र आला नाही. शनिवारी सकाळी दूध आणायला उतरलो तर शेजारच्या वहिनींचा मुलगा जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेला. टाळेबंदीत शाळेत होता तो आता स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. आम्हांला पाहून उठला. "काय रे, इथे?" म्हटले. "काही नाही काका, घरात उकडते." कार्तिक तोंडावर आला आणि याला उकडते! थोडे खोदून विचारल्यावर कळले की त्याची व्याख्याने, सराव परीक्षा, सगळे आमच्याच नेटवर चाले. शुक्रवारी ते बंद पडले तेव्हा त्याला वाटले, काकांनी आपल्यालाच बंद केले असणार. विचारायला यायची त्याला लाज वाटली. वडील गेल्यापासून त्या घरात मागणे या गोष्टीची फार लाज आहे, हे आम्हांला कळायला हवे होते.

वाचकहो, त्या पायरीपाशी आम्हांला जे वाटले ते फारसे सुखाचे नव्हते. कुणाला दुखवायचे नाही म्हणून आम्ही सर्वांना एकदम उठवले, आणि ज्याला खरोखर बोलावले होते तोच तेवढा दुखावला गेला.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्या जुन्या घरांत होता. कोकणातल्या घरांना ओटी असे, आत माजघर असे. वाटसरू, गावकरी, पाहुणा, सर्वांना ओटीवर जागा असे. पाणी, सुपारी, प्रसंगी रात्रीचा मुक्कामसुद्धा. माजघरात मात्र घरचीच माणसे. यात कुणाला अपमान वाटत नसे. डबीतही ओटी असते, तिला 'गेस्ट नेटवर्क' म्हणतात. त्याचे नाव वेगळे, पासवर्ड वेगळा. तिथे बसलेल्याला बाहेरचे जग दिसते, पण आपल्या घरातले संगणक, छपाईचे यंत्र, त्यांतले कागदपत्र दिसत नाहीत. फक्त 'पाहुण्यांना घरच्या यंत्रांपर्यंत जाऊ द्यावे' अशी जी चौकट असते तिच्यात खूण नाही ना, तेवढे पाहून घ्यावे. ओटीचा वेग आखून देण्याची सोयही पुष्कळ डब्यांत असते, म्हणजे सामना रंगला तरी गणिताच्या बाई थिजत नाहीत. परंतु एक ध्यानात ठेवा: ओटीवरून बाहेर जाणाऱ्या पत्रावरही पत्ता आपल्याच घराचा पडतो. म्हणून ओटीची किल्ली चेहरा पाहून द्यायची, आणि चार-सहा महिन्यांनी बदलायची.

रविवारी आम्ही दोघे वहिनींकडे गेलो. हातात फराळाचे ताट होते आणि ताटाखाली चिठ्ठीवर ओटीचा पासवर्ड. मुलाला म्हटले, "हा तुझा. परीक्षा होईपर्यंत तुझ्याकडेच राहील. मात्र दुसऱ्या कुणाला द्यायचा झाला तर आधी मला विचार." तो म्हणाला, "काका, तुमचा आधीचा पासवर्ड मी कुणालाच दिला नव्हता." आम्हांला ते ठाऊक होते. दिनदर्शिकेवर लिहिणारे आम्हीच होतो.

असो. नेट आता धावते आहे. गणिताच्या बाई वाक्य पुरे करतात. गेल्या रविवारी कन्येने "बाबा, तुमची तब्येत कशी आहे?" हे एका दमात विचारले आणि सौ.ना बरे वाटले. दर महिन्याच्या एक तारखेला, दुधाचे बिल देताना, चिरंजीव डबीची यादी उघडतात आणि नात मोठ्याने नावे वाचते. माजघरात बारा, ओटीवर एक.

पण आमचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. सतरातून बारा गेले, पाच उरले. एक हेडक्लार्क, दोन तरुण, एक वहिनींचा मुलगा, झाले चार. पाचवा कोण? त्याने घंटी वाजवली नाही. तो रुसला नाही, जिन्यावर बसला नाही. कुणी बिचारा लाजराबुजरा असेल. कदाचित गणपतीत आलेला कुणी असेल, आरतीचा प्रसाद घेऊन जाताना चुकून जोडलेला राहिला असेल. तसेच असो. पण किती दिवस तो आमच्या घरात बसला होता आणि आमच्या नावाने बाहेर काय काय लिहीत होता, हे आम्हांला आता कधीच कळणार नाही.

तुमच्या डबीवर किती नावे आहेत, वाचकहो? लक्ष्मीपूजनाला दार उघडे ठेवायची आपली रीत आहे, ती जरूर पाळा. त्याआधी दहा मिनिटे काढून तेवढी यादी पाहून घ्या. दिवाळी आपणां सर्वांना सुखाची जावो!